नाचाचे शिक्षण : अंगणापासून शाळेपर्यंत



'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण उठल्याबसल्या वापरतो. बहुधा दुसऱ्याला टोमणा मारायलाच वापरतो. पण या म्हणीत इतिहासाची एक खूण राहून गेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. नाचायचे कुठे, असा प्रश्न ही म्हण रचणाऱ्याला पडलाच नाही. नाचायचे ते अंगणात. रंगमंच नाही, दिवाणखाना नाही, देऊळही नाही. घरापुढची शेणाने सारवलेली चार हात जागा हीच आपल्या लोकांची नाचाची पहिली शाळा होती. आज या शाळेची गोष्ट सांगायची आहे. ती कशी चालत असे, पुढे नाचाचे शिक्षण अंगणातून कुठे कुठे गेले, आणि आता ते आपल्या गावच्या शाळेत यायचे असेल तर काय करावे लागेल, एवढा आजचा विषय. या सगळ्या प्रवासात तीन प्रश्न हाताशी ठेवू. शिकवत कोण होते? कोणत्या वयाला काय शिकवत होते? आणि त्याचा भार कोण उचलत होते?

आपण खानदेशातली माणसे, तेव्हा सुरुवात घरापासूनच करू. धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की मुंबई-आग्रा रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. गावावर किल्ला आहे, आणि गावाचे नाव झाले ते तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे. अशा गावात वर्षभर सण येतात आणि प्रत्येक सणाबरोबर एकेका वयाचा नाच येतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते. कुठे तिला गुलाबाईही म्हणतात. तिथपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर लहान मुली संध्याकाळी घरोघर जमतात, टिपऱ्या वाजवतात, गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात कोणता खाऊ आहे तो ओळखतात. हा वर्ग पाच वर्षांपासून बारा-चौदा वर्षांपर्यंतच्या मुलींचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. हा वर्ग थोड्या मोठ्या मुलींचा आणि नव्या लग्न झालेल्यांचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येते. रोट होतात, रात्र जागवली जाते, आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना घरातल्या सुना, सासवा, आज्या सगळ्या फुगड्या घालतात. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी सासूही त्या दिवशी भर रस्त्यात फेर धरते आणि कोणी तिला नावे ठेवत नाही.

आता असे पाहा, मंडळी. या व्यवस्थेत एकही पगारी शिक्षक नाही. अभ्यासक्रम लिहिलेला नाही. तरी वर्ग मात्र वयाप्रमाणे बरोबर पाडलेले आहेत. लहानीला टिपरीचा साधा ठेका, म्हणजे हाताला ताल. जरा मोठीला फेर, म्हणजे पायाला ताल आणि शेजारणीशी जुळवून घेणे. मग फुगडी, म्हणजे तोल, वेग आणि जोडीदारणीवर भरवसा. फुगडीत एकीने हात सोडला की दोघीही पडतात, हे कोणाला शब्दांनी शिकवावे लागत नाही. आणि प्रत्येक वर्गात एक-दोन मोठ्या वयाच्या बाया असतातच. त्या गाणे उचलून देतात, चुकलेल्या पोरीचे मनगट धरून तिला फेरात परत आणतात. शिकवत कोण होते, याचे इथले उत्तर हे असे आहे. एका वयाने दुसऱ्या वयाला शिकवले.

सातपुड्याच्या आणि साक्रीच्या बाजूला गेले की हीच गोष्ट अधिक शिस्तीची होते. पूर्वीच्या धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. त्या नंदुरबारमधल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी सर्वांना ठाऊक आहे. होळीच्या आधी काही दिवस पाळणी असते. ज्याला नाचायचे त्याने नेम पाळायचे, संयमाने राहायचे. मग अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरे नाहीतर दुधी भोपळे बांधून भिल्ल, पावरा मंडळी रात्रभर ढोलावर नाचतात. साक्रीच्या पश्चिमेकडच्या कोकणा लोकांत मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचे व्रत असते. त्यात भोपळा आणि बांबू यांपासून केलेल्या पावरीच्या सुरावर मंडळी गोलात नाचतात. बापाच्या मागे मुलगा उभा असतो आणि बापाचा पाय पाहून आपला पाय टाकतो. इथे नाच ही करमणूक नाही. अंगात ताकद हवी, मनात नेम हवा, आणि सगळ्यांचा पाय एका वेळी पडायला हवा. शहरातल्या मोठ्या नृत्यसंस्था विद्यार्थ्यांकडून याहून वेगळे काय मागतात?

शिकण्याची ही तऱ्हा नाचापुरतीच होती असेही नाही. सोनगीरच्या तांबटांचे काम आठवा. तांबटाच्या घरचे पोर आधी भात्याजवळ बसते. मग पत्रा धरायला शिकते. मग साधे ठोके. भांडे मठारण्याचे काम, म्हणजे हातोडीने एकसारखे ठोके देत पत्र्याला घट्टपणा आणि झळाळी आणण्याचे काम, हाताला वजन कळल्यावरच मिळते. ठोका जोरात पडला तर पत्रा फाटतो, हलका पडला तर भांडे कच्चे राहते. स्टेनलेस स्टील घरोघर आले आणि तांब्या-पितळेचे काम पूर्वीइतके राहिले नाही. पण ज्यांनी ते आवाज ऐकले आहेत त्यांना लय म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आधी पाहणे, मग साथ देणे, मग साधे काम, आणि शेवटी नाजूक काम, हा क्रम तांबटाच्या दुकानात होता तसाच फेरातही होता.

आता अंगणातून जरा दूर जाऊ. मराठी माणसांनी नाचाच्या शिक्षणाला पद्धत घालून देण्यात मोठा हात लावला, पण तो महाराष्ट्रात नव्हे, पार दक्षिणेत तंजावरात. शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तिथे सतराव्या शतकात राज्य स्थापले. त्या घराण्यातले दुसरे सरफोजी राजे यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यम शिकणारी मुलगी आधी अडवू शिकते, म्हणजे हात, पाय आणि नजर यांचे लहान लहान एकक घटवते. मग अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम आणि तिल्लाना अशा पायऱ्यांनी पुढे जाते. या क्रमाला आजचे रूप देण्याचे श्रेय या चार भावांकडे जाते. त्याआधी नाच नव्हता असे नाही, चांगला होता. पण सोप्याकडून अवघडाकडे नेणारी जी पायरी-पायरीची मांडणी शिक्षकाला लागते, ती इथे पक्की झाली.

शिक्षक मंडळींना सरफोजींची आणखी एक गोष्ट आवडेल. या राजाने 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे मराठी नृत्यनाट्य रचले. कुरवंजी म्हणजे डोंगरात राहणारी, हात पाहून भविष्य सांगणारी बाई. दक्षिणेतल्या या नाट्यप्रकारात ती बाई आपल्या डोंगरांचे, नद्यांचे वर्णन करते. सरफोजींनी काय केले, तर तिच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला! खंड, देश, समुद्र, सगळे गाण्यात आणि अभिनयात. आज आपण कलेतून विषय शिकवा असे प्रशिक्षणवर्गात ऐकतो, तेव्हा ही कल्पना परदेशातून आली असे आपल्याला वाटते. ती सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मराठीत करून झालेली आहे. सरफोजींच्या काळच्या या मराठी नृत्यरचना पुढे विसरल्या गेल्या होत्या. विसाव्या शतकात आचार्य पार्वतीकुमार या कोकणातून मुंबईत आलेल्या नृत्यगुरूंनी त्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या जुन्या कागदांवरून अभ्यासल्या, बसवल्या आणि 'तंजावूर नृत्य प्रबंध' या ग्रंथात मांडल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रंगमंचावर नेल्या.

तंजावरात भार उचलला तो राजाने आणि देवळाने. पण इथेच दुखण्याचे मूळही होते. नाचणाऱ्या स्त्रिया देवाला वाहिलेल्या, त्यांची उपजीविका देवळावर आणि धनिकांवर अवलंबून. राजवटी खालसा झाल्या, तंजावर तर १८५५ नंतर राहिलेच नाही. आश्रय संपला आणि त्या बायांच्या वाट्याला विटंबना आली. मद्रासेकडे १८९२ च्या सुमारास अशा नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रतिबंधाचा कायदा झाला. मुलींना देवाला वाहण्याची चाल बंद व्हायलाच हवी होती, याबद्दल दुमत नको. पण चाल मोडताना कलेच्या जाणत्या शिक्षिकाही बाजूला फेकल्या गेल्या. 'नाच' हा शब्दच घरात उच्चारायचा नाही असे झाले. आपल्या मुलीने नाच शिकावा म्हणणाऱ्या बापाला लोक वेड्यात काढू लागले.

तमाशाचेही तसेच. फडातली मुले फडातच नाचायला शिकली. विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ चा. वडील आणि चुलते यांच्या भाऊ-बापूंच्या फडात त्या लहानपणापासून उभ्या राहिल्या, पाहून पाहून शिकल्या, आणि राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान होण्याइतक्या मोठ्या झाल्या. त्यांच्यासारखी लय आणि अदा कोणत्याही शाळेत शिकून येणार नाही. पण २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले होते, हेही महाराष्ट्राला माहीत आहे. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. हे चांगलेच आहे. पण ज्या बाईजवळ एवढी विद्या होती, तिला पन्नाशीत एखाद्या विद्यालयात शिकवायला बसवले असते तर? त्यांची कला प्रेक्षकांच्या तिकिटावर जगत होती. तिकीट मिळते ते तरुणपणी. शिकवण्याचे वय आले की तिकीट थांबते. कलेला शिक्षणाचा आधार नसला की कलावंताचे म्हातारपण असे उघड्यावर पडते.

मग नाच पुन्हा प्रतिष्ठेने शिकवला जाऊ लागला तो कसा? देशाच्या निरनिराळ्या भागांत थोड्याच वर्षांच्या अंतराने काही माणसांनी धाडस केले. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१९ साली सिल्हेटकडे मणिपुरी नाच पाहिला आणि लवकरच शांतिनिकेतनात मणिपुरी शिक्षक आणवला. शाळेच्या वेळापत्रकात नाच बसवण्याचा तो आरंभ. केरळात महाकवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० साली कलामंडलम काढले. मद्रासेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली कलाक्षेत्र सुरू केले. आपल्या खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर मॅडम मेनका यांनी नृत्यालय चालवले. ते फार वर्षे टिकले नाही, पण दमयंती जोशींसारखी कलावती मेनकांच्याच हाताखाली तयार झाली. परदेशातही याच काळात विचार चालू होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२६ साली नृत्य हा पदवीचा विषय झाला. इंग्लंडमध्ये रूडॉल्फ लाबान यांनी १९४८ साली शाळेतल्या नृत्यशिक्षणावर पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की मुलाला नर्तक करायचे नसले तरी शरीराची हालचाल उमजण्यासाठी प्रत्येक मुलाने नाचावे.

महाराष्ट्रात हे काम घट्ट पायावर उभे केले ते रोहिणी भाटे यांनी. जन्म १९२४. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतलेली मुलगी. देश स्वतंत्र झाला त्याच १९४७ साली त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना कथक शिकवू लागल्या. पुण्यासारख्या गावात त्या काळी हे काही सोपे नव्हते. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या स्वतः शिकत राहिल्या आणि शिकवतही राहिल्या. त्यांनी नुसते पाय घटवून घेतले नाहीत. नाचाचा शास्त्रविचार मराठीत आणला, 'माझी नृत्यसाधना' लिहिले, इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत दिले. २००८ साली त्या गेल्या, पण त्यांच्या विद्यार्थिनींच्या आणि त्यांच्याही विद्यार्थिनींच्या वर्गांतून आज कथक शिकवले जाते. मुंबईत कनक रेळे यांनी १९७३ साली नालंदा नृत्यकला महाविद्यालय काढले आणि नाचात विद्यापीठाची पदवी मिळू लागली. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले.

पण पुण्या-मुंबईचे झाले, आपल्या तालुक्याचे काय? इथे एका जुन्या संस्थेचे ऋण मान्य केले पाहिजे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ साली ते निवर्तल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या परीक्षा गायन-वादनाबरोबर नृत्यालाही आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा त्या पायऱ्या. यामुळे काय झाले, तर लहान गावातल्या शिक्षिकेला हातात अभ्यासक्रम मिळाला, आणि तिच्या विद्यार्थिनीला असे प्रमाणपत्र मिळाले की जे दुसऱ्या गावातही ओळखतात. याची दुसरी बाजूही आहे. काही ठिकाणी परीक्षेपुरतेच शिकणे होते, तोंडपाठ तोडे म्हटले, पाय मारले, गुण मिळाले, संपले. हा दोष परीक्षेचा नव्हे, घाईचा आहे.

खेड्यापर्यंत नाच नेणारे आणखी दोन रस्ते होते. पहिला व्यायामशाळेचा. लेझीम ही मुळात धनुष्यासारखी, लोखंडी साखळी लावलेली, मल्लांच्या व्यायामाची वस्तू. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. अशा संस्थांनी देशी व्यायामाला शिस्त दिली, शिक्षक तयार केले. त्या लाटेबरोबर लेझीम शाळाशाळांतून पोचली. चार आवाज, आदी लगाव, पवित्रा, दो रुख हे प्रकार शंभर मुले मैदानावर एका हलगीवर करतात तेव्हा तो व्यायाम असतो, कवायत असते आणि नाचही असतो. नाच म्हटला तर पालक नाक मुरडतील, लेझीम म्हटली तर कौतुक करतील! त्यामुळे मुलगे नाचात आले, ही लेझमीची मोठी कामगिरी.

दुसरा रस्ता कलापथकाचा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी आपल्याच भागाचे. राष्ट्र सेवा दल हे गुरुजींच्या जिव्हाळ्याचे, त्याची नवी उभारणी १९४१ ची. सेवा दलाच्या कलापथकाने 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' यांसारख्या कार्यक्रमांतून मुलगे आणि मुली एकत्र नाचवले, तेही गावोगावी, साध्या मंडपात. कोळ्यांचा नाच, शेतकऱ्यांचा नाच, परप्रांतांचे नाच शिकताना ती मुले देशही शिकली. आपल्या शिरपूरच्या पाटील घराण्यातली स्मिता पाटील पुढे मोठी अभिनेत्री झाली. तीही लहानपणी सेवा दलाच्या कलापथकातून फिरलेली. कलापथकातली सगळीच मुले कलावंत झाली नाहीत, आणि तसा कोणाचा हेतूही नव्हता. ती धीट झाली, चारचौघांत उभी राहू लागली, दुसऱ्याच्या पायाशी पाय जुळवायला शिकली.

आता आजच्या शाळेकडे येऊ. स्नेहसंमेलन आले की पंधरा दिवस आधी धावपळ सुरू होते. सिनेमातले गाणे निवडले जाते, वर्गातल्या आठ चुणचुणीत मुली निवडल्या जातात, भाड्याचे पोशाख येतात. उरलेली बावन्न मुले खाली बसून टाळ्या वाजवतात. आणि त्या आठ मुलींपैकीही निम्म्या सातवी-आठवीनंतर दिसत नाहीत, कारण घरी सांगितलेले असते, 'आता मोठी झालीस, पुरे नाचणे.' म्हणजे ज्या वयात शरीर बदलते, मुलगी खांदे आवळून चालू लागते, स्वतःच्या देहाची तिला लाज वाटू लागते, नेमका त्याच वयात तिच्या हातातून तो आधार काढून घेतला जातो. भुलाबाईच्या अंगणात असे नव्हते. मुलगी मोठी झाली की तिला नाच बंद होत नसे. तिचा वर्ग बदलत असे, एवढेच.

तेव्हा शिक्षकांनी कोणत्या वयाला काय द्यावे? जुन्या अंगणातून आणि नव्या विद्यालयांतून मिळून जे शहाणपण निघते ते असे. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना नाच शिकवू नये, नाचू द्यावे. टाळी, टिपरी, चालणे, थांबणे, प्राण्यांच्या चाली. हाताची बोटे आणि पायाची टाच यांची ओळख झाली तरी पुष्कळ. एका वेळी अर्धा तास पुरे. आठ ते बारा हे वय नक्कल करण्याचे आणि घटवण्याचे. लेझीम, फेर, साधा तत्कार, चार मात्रांचा आणि आठ मात्रांचा हिशेब या वयात पक्का बसतो. हाडे कोवळी असतात म्हणून दगडी वा सिमेंटच्या फरशीवर फार आपटून घेऊ नये, मातीची सारवलेली जमीन बरी. बारा ते सोळा हे वय नाजूक. इथे मुलांना रचना करू द्यावी. पेरणीवर, पाण्यावर, आपल्या गावच्या बाजारावर चार जणांनी मिळून काहीतरी बसवा म्हणावे. अभिनय याच वयात उमलतो. चूक चारचौघांत दाखवू नये, जवळ जाऊन सांगावी. मुलगे आणि मुली दोघांनाही घ्यावे. नाच हा मुलींचाच विषय आहे ही समजूत काठीच्या होळीत रात्रभर नाचणाऱ्या पुरुषांनी कधीच खोटी पाडली आहे.

मोठ्या बायांचा आणि म्हाताऱ्यांचाही विचार हवा. चाळिशीची बाई शिकायला आली तर तिला सोळा वर्षांच्या मुलीच्या गतीने पळवू नये. आधी अंग मोकळे करावे, गुडघ्यांवर बेताने भार द्यावा, चकरा कमी आणि हस्त, अभिनय, ताल जास्त ठेवावा. आणि सत्तरीची आजी? ती विद्यार्थिनी नव्हेच, ती शिक्षिका. तिला खुर्चीवर बसवा, गाणे म्हणायला सांगा आणि पोरींना तिच्याभोवती फेर धरू द्या. एका तासात तुमच्या शाळेला असे काही मिळेल की जे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही.

राहता राहिला आधाराचा प्रश्न. राजा गेला, देवळाची इनामे गेली, आता भार कोणी उचलायचा? काही भार सरकारने उचलला आहे, आणि तो शिक्षकांना माहीत असायला हवा. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना जुनी आहे. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून शाळेतल्या शिक्षकांना कलांचे प्रशिक्षण देते. १० ते १४ वर्षांच्या गुणी मुलांसाठी सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १९८२ पासून आहे. शास्त्रीय कला आणि लोककला यांत ठरलेल्या परीक्षा वा प्रावीण्य असणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात वाढीव गुण देण्याची सोय झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कला ही अभ्यासाच्या बाहेरची नव्हे असे म्हटले आहे. पण अर्ज वेळेवर भरला गेला नाही तर या सोयी कागदावरच राहतात. मुलाच्या बापाला यातले काही कळत नसते. ते काम मास्तरांचे आणि बाईंचे.

उरलेला भार गावाने उचलायचा आहे, आणि तो वाटतो तितका जड नाही. आठवड्याचा एक तास, शाळेची पडवी किंवा पटांगण, एक ढोलकी नाहीतर हलगी, आणि जाणत्या माणसाला योग्य मानधन. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पावरी वाजवणाऱ्याला मिरवणुकीपुरते बोलवायचे, फोटो काढायचे आणि चहा पाजून परत पाठवायचे, ही रीत बरी नव्हे. त्याला शाळेत चार दिवस गुरुजी म्हणून बोलवा. मुलांना त्याच्या पाया पडू द्या. आणि जाताना त्याच्या हातात त्याच्या श्रमाचे मोल ठेवा. तो जे नाचतो ते त्याच्या व्रताचा भाग असते. म्हणून त्यातले काय शाळेत दाखवायचे आणि काय नाही, हेही त्यालाच ठरवू द्या.

डीजेच्या भिंती गावात आल्या आहेत. त्यांच्यापुढे पोरे उड्या मारतात त्याला कोणी रागावून उपयोग नाही. अंगात लय आहे म्हणूनच ती उड्या मारतात. त्या लयीला कोणी हात धरून फेरात आणले नाही, एवढाच त्यांचा दोष, आणि तो त्यांचा नव्हे, आपला. येत्या भाद्रपदाच्या पौर्णिमेला आपल्या शाळेत एक दिवस भुलाबाई बसवून पाहा. गावातल्या दोन-तीन आज्यांना बोलवा, सगळ्या वर्गांतल्या मुलामुलींच्या हाती टिपऱ्या द्या, आणि कोणी आठ जणी निवडू नका. कोजागिरीपर्यंत महिना हातात आहे. तेवढ्या काळात कोणाचा पाय तालात पडतो, कोणाला पुढे कथक वा भरतनाट्यम शिकायला पाठवावे, कोणाच्या घरी जाऊन आईवडिलांची समजूत घालावी लागेल, हे शिक्षकाला आपोआप कळून येईल.